जुनी गाडी : ठेवू, बदलू की विकू?

दिवाळीला घर झाडायला काढलं की शेडमधली ताडपत्री बाजूला होते, खाली आजोबांची फियाट सापडते आणि सुट्टीला आलेला पुतण्या मोबाइलवर तसल्याच गाडीची किंमत दाखवतो. मग घरात दोन तट पडतात आणि मला पत्रं येतात. मी आधी सांगलीत गॅरेज चालवलं, आता गाड्यांचं मूल्यांकन करतो. वकील नाही, सीए नाही. तरी तेच गोंधळ पुन्हा पुन्हा येतात, म्हणून निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न : 1978 ची प्रीमिअर पद्मिनी आहे. वडिलांनी नवी घेतली, तेव्हापासून घरातच. रंग मूळचा, इंजिन मूळचं. मुलाला त्यात आजच्या गाडीचं इंजिन, पॉवर स्टिअरिंग, एसी आणि रुंद टायर टाकायचे आहेत. नाहीतर विकून टाका म्हणतो. काय करावं? – विटा

मुलाला सांगा, पान्याने होतं ते कर. गॅस कटर लागतो तिथे थांब.

पान्याने केलेलं पान्यानेच परत काढता येतं. हेडलाइटला रिले लावून चांगले बल्ब, डायनामो असेल तर त्याजागी अल्टरनेटर, नवीन वायरिंग, रेडियल टायर, सीटची कव्हरं, हे सगळं करा. फक्त निघालेली प्रत्येक वस्तू, अगदी जुना डायनामोसुद्धा, तेल लावून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. ते पोतं गाडीच्या किमतीचा भाग असतं. भंगारवाल्याला किलोवर देऊ नका.

दुसऱ्या इंजिनाचं मात्र तसं नाही. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन काढून दुसरं बसवायचं म्हणजे माउंटिंग कापायचं, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) ठोकायची, गिअरबॉक्ससाठी मधला पत्रा फाडायचा. शिवाय त्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. दुप्पट ताकदीचं इंजिन टाकून खंबाटकी उतरणार आहात का? मग ब्रेक बदला, ब्रेकसाठी हब बदला, हबसाठी सस्पेन्शन. शेवटी पद्मिनीचा नुसता पत्रा उरतो, आत दुसरीच गाडी असते.

हे मी पूर्वी पाहिलंय. एक काळ आपल्याकडे डिझेल स्वस्त म्हणून पेट्रोलच्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये डिझेल इंजिन टाकायचं वेड होतं. (कंपनीने स्वतःच डिझेल बसवून दिलेल्या अ‍ॅम्बॅसेडर वेगळ्या, त्यांची गोष्ट करत नाही.) काही कामं मीही केली, खोटं कशाला सांगू. काढलेली चांगली इंजिनं भंगारात गेली. काही वर्षांपूर्वी तासगावकडची अशीच डिझेल टाकलेली एक मार्क टू अ‍ॅम्बॅसेडर विकायला होती. बाहेरून आरशासारखी. कोल्हापूरहून गिऱ्हाईक आलं, बॉनेट उघडलं, बंद केलं, चहा प्यायलं आणि गेलं. किंमत विचारलीसुद्धा नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, कंपनीने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किटला वाट आहे, पण किट मान्यताप्राप्त हवं आणि बदल आरटीओकडे नोंदलेला हवा. ‘सगळेच करतात, कोण बघतंय’ हे गॅरेजवाल्याचं उत्तर झालं. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर बघतो, आणि नीट बघतो.

शिवाय तुमच्या गाडीला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं 2028 मध्ये होतील. तेव्हा ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येऊ शकते, पण चासी, बॉडी शेल आणि इंजिन मूळचं असेल तरच. आज हौसेनं कापलेला पत्रा तेव्हा आडवा येईल.

विकायची का? पोराला चालवायची हौस आहे, म्हणजे अजून नका विकू. त्याला वेगच हवा असेल तर एखादी आधीच कापाकापी झालेली, रंग उडालेली गाडी घेऊन द्या, तिच्यावर परवानगीत बसेल ती हौस करू दे. आणि काहीही ठरवण्याआधी जुन्या गाड्यांचं काम केलेल्या मेकॅनिककडून गाडी खालून बघून घ्या.

प्रश्न : रंग फिका पडलाय, दोनतीन ठिकाणी टवके उडालेत. विकण्याआधी पूर्ण रंग मारावा का? – फलटण

नको.

प्रश्न : 1985 ची गाडी आहे. एक एजंट पंधरा हजारांत ‘व्हिंटेज सर्टिफिकेट’ काढून देतो म्हणतो. त्याने किंमत दुप्पट होते म्हणे. – कराड

तो कागद काढून देईल, प्रिंटर त्याच्याकडेही आहे.

व्हिंटेज नोंदणीचे केंद्राचे नियम 2021 मध्ये आले. पन्नास वर्षं पूर्ण हवीत. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, आणि ती सरकारकडे भरायची, एजंटच्या खिशात नाही. नोंदणी दहा वर्षांची असते. नव्याने नंबर मिळाला तर त्यात ‘व्हीए’ अक्षरं येतात, आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. 1985 ची गाडी 2035 पर्यंत यात बसतच नाही.

आणखी एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने लावायला नसते. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. लग्नाच्या वरातीला भाड्याने देऊन पैसे सुटतील असा हिशेब असेल तर आधी आरटीओत जाऊन विचारा.

प्रश्न : मोबाइलवर आमच्यासारखीच गाडी आठ लाखांना दिसते. आम्हाला व्यापारी दीड लाख देतो. फसवतोय का? – मिरज

आठ लाख ही मागितलेली किंमत आहे, मिळालेली नव्हे, आणि दीड लाखाचंही तेच समजा. दोन वेगळ्या माणसांकडून लेखी मूल्यांकन घ्या, त्यातला एकही गाडी विकत घेणारा नको.

प्रश्न : गाडी वडिलांच्या नावावर आहे. ते जाऊन बारा वर्षं झाली. आरसीची मुदतही संपलीय. गिऱ्हाईक सगळी रक्कम रोख देतोय, म्हणतो फक्त कोऱ्या फॉर्मवर सह्या द्या, बाकी मी बघतो. – कोरेगाव

बारा वर्षं! मालक गेल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म 31 भरून नाव लावून घ्यायचं असतं. तुम्ही एकटेच नाही, आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढवायला माणूस तलाठ्याकडे चपला झिजवतो, पण गाडीचं बुक कपाटात तसंच पडून राहतं.

आधी वारस ठरवा. बहिणी असतील तर त्यांची लेखी संमती घ्या. बहीण काही म्हणणार नाही, हे मी फार भावांच्या तोंडून ऐकलंय. मग साताऱ्याच्या आरटीओत नाव लावा, तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी नव्याने करा, थकलेला पर्यावरण कर आणि दंड भरा, नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवा, आणि विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. त्यानंतर विक्री.

कोऱ्या फॉर्म 29 आणि 30 वर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर, सही करू नका. गाडी त्याच्या दारात उभी राहील, बुक तुमच्या घराण्याच्या नावावर राहील. बुकात नाव असलेलाच कायद्याने मालक धरला जातो आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं आहे. रोख रकमेचंही तसंच, एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. चेक किंवा बँकेतूनच घ्या, आणि कराचं एकदा सीएला विचारा.

प्रश्न : इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाड्या जळतात असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. पसरणी घाटात आमची गाडी मेमध्ये बंदही पडली. विकून टाकावी का? – वाई

मेमध्ये पसरणी घाटात जुन्या गाड्या इथेनॉल येण्याआधीही बंद पडत. बॉनेटखाली पेट्रोलची वाफ होते आणि पंप ओढत नाही. बाजूला घ्या, बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं टाका, अर्धा तास बसा. आमचे वडील तेच करत.

इथेनॉलचा त्रास खोटा नाही, पण तो हळू होतो. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची पॅकिंग यांना ते मऊ करतं किंवा चिरतं. ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच फियाटचे पाइप खातंय, आता तक्रार कुणाकडे करणार? इथेनॉल चालेल असे पाइप आणि पडदा बदलून घ्या, फिल्टर लावा, पंधरा दिवसांतून एकदा गाडी फिरवा. पाइपला पेट्रोलचा वास आला तर चालवू नका, थेट मेकॅनिक. दुकानातली ‘अ‍ॅडिटिव्ह’ची बाटली मेकॅनिकला विचारल्याशिवाय ओतू नका. यासाठी गाडी विकायचं कारण नाही.

प्रश्न : सांगलीत एक सुंदर अ‍ॅम्बॅसेडर मिळतेय. मालक म्हणतो 2019 च्या पुरात पाणी फक्त टायरपर्यंत आलं होतं. घ्यावी का? – तासगाव

त्या पुरानंतर सांगलीत मी पाहिलेल्या प्रत्येक गाडीत पाणी फक्त टायरपर्यंतच आलं होतं.

मालकाला विचारू नका, गाडीला विचारा. पुढची सीट काढून खालच्या पट्ट्या बघा. दाराच्या खालच्या भोकात बोट घाला, कृष्णेचा गाळ वाळला की पिठासारखा बारीक होतो, तो बोटाला लागेल. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ, डॅशखाली वायरींच्या जोडांवर हिरवा गंज, हे पाहा. मॅट उचलून वास घ्या. जुन्या गाडीत फक्त मॅट कोरी करकरीत दिसली तर जास्त काळजीने बघा. लोहचुंबकाला रुमाल गुंडाळून दाराच्या खालच्या कडेने फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

मग गाडी उचलून खालून बघायला मागा. भर दुपारी, उन्हात. मालक म्हणाला संध्याकाळी या, तर संध्याकाळीही जाऊ नका.