सिगारच्या ह्युमिडॉरमधला (सिगार योग्य ओलाव्यात ठेवायच्या पेटीतला) हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा मीटर, बरोबर आहे का, हे घरी कसं तपासायचं?
हायग्रोमीटर घरच्या मिठाने तपासता येतो. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब थेंब पाणी घाला, ओल्या वाळूसारखं होऊ द्या. विरघळू देऊ नका. झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद डब्यात शेजारी ठेवून दुसऱ्या दिवशी, डबा न उघडता, आकडा बघा. असं संपृक्त मीठ (पाण्यात आणखी विरघळू न शकणारं) बंद जागेत 25 अंशांना आर्द्रता 75 टक्क्यांवर धरून ठेवतं. प्रयोगशाळांतही हीच युक्ती वापरतात. 71 दिसलं तर आपला मीटर 4 ने कमी दाखवतो. मात्र ही चाचणी एकाच बिंदूची, म्हणजे 75 टक्क्यांची आहे. सिगार साधारण 65 ते 70 टक्क्यांत ठेवतात, तिथे फरक थोडा वेगळा असू शकतो, काटेवाल्या स्वस्त मीटरमध्ये तर नक्कीच. डिजिटल घ्या.