किल्ल्यावर लेख लिहायचाय, तारखा नीट कशा तपासाव्यात?

दहा ठिकाणी एकच तारीख दिसली म्हणजे दहा पुरावे झाले असं नाही. बहुतेकांनी एकमेकांचंच उचललेलं असतं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. मूळ कागदात तिथी आणि शक काय दिलाय, तिथपर्यंत जा.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण १ जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवायचे. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. शिवरायांचा जन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१. सवयीने ७८ मिळवलेत तर १६२९ येईल, बरोबर आहे १६३०. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६, तिथे ७८च: १६७४.

पुढचा फास कॅलेंडरचा. ६ जून १६७४ ही ज्युलियन, म्हणजे जुन्या युरोपीय कॅलेंडरची तारीख. गोव्यातले पोर्तुगीज तेव्हा ग्रेगोरियन, म्हणजे आपलं आजचं कॅलेंडर वापरत, त्यांच्या हिशेबाने तो दिवस १६ जून. सुरत-मुंबईच्या इंग्रजांचं वर्ष तर १७५२ पर्यंत २५ मार्चला बदलायचं, म्हणून त्यांच्या फेब्रुवारीतल्या पत्रावर आदलं साल दिसू शकतं.

टिपणात तिथी, शक, मूळ तारीख आणि ग्रंथाचं पान, चारही लगेच उतरवा. पान नंतर हमखास सापडत नाही.