आत्यांना काय सांगावे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझ्या तपासणीत बीआरसीए-१ या जनुकात स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाची जोखीम वाढवणारा दोष आढळला आणि तो वडिलांकडून आलेला आहे, हे कळल्यापासून आत्यांना सांगावे की नाही या विचारात तू अडकली आहेस. सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आधी वडिलांशी बोल, कारण त्या रिपोर्टमध्ये तुझ्याइतकीच त्यांचीही माहिती आहे.

आपल्याकडे स्तनाच्या कर्करोगाची चौकशी आई, मावशी आणि आजीपाशी थांबते. वडील धडधाकट असले की त्यांच्या बाजूकडे कोणी पाहत नाही, आणि वस्तुतः हा दोष ज्याच्याकडे असेल त्याच्या प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, तो जाण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून चुलतभावांनाही वगळू नकोस.

आत्यांना नुसते 'जनुकाचे काहीतरी निघाले' असे सांगून उपयोग नाही. रिपोर्टची प्रत दे. त्यात दोषाचे नेमके नाव असते, त्यामुळे प्रयोगशाळेला त्यांच्या रक्तात तेवढीच एक जागा पाहावी लागते. आणि तिथे दोष नसेल, तर घराण्यातली ही जोखीम त्यांच्याकडे आलेली नाही असे खात्रीने म्हणता येते. हे नाव हाताशी नसताना आलेला निर्दोष रिपोर्ट अर्धवटच दिलासा देतो.

'आत्येबहिणीचे स्थळ पाहणे चालू आहे, आत्ता नको' असे कोणी म्हणेल. ही सबब मला मुळीच पटत नाही. बीआरसीए-१ मध्ये दोष असणाऱ्या स्त्रियांना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि अंडाशयाच्या कर्करोगाची ४४ टक्के असल्याचे २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले आहे, आणि स्तनांची वार्षिक एमआरआय तपासणी साधारण पंचविशीतच सुरू करण्याचा सल्ला दिला जातो. बोलणे मात्र समोरासमोर किंवा फोनवर कर. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक शब्दही टाकू नकोस.

जनुकाची तपासणी करायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. अठरा वर्षांखालील भावंडांची तर आत्ता करूच नये. आत्यांनी विषय टाळला, तरी तुझी आत्येबहीण सज्ञान आहे. तिच्याशी तू वेगळे बोलू शकतेस, आणि त्याआधी आत्यांना तसे सांगून ठेव.