10 लाखांत पाच माणसांची गाडी: वापरलेली मिडसाइज सेडान घेताना काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बजेट सगळं धरून 10 लाख, पुण्यात राहणं, महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर, घरात आजी-आजोबांसह पाच माणसं, वर्षातून चार-सहा वेळा कोकणात किंवा कोल्हापूरला जाणं. नवी डिझायर घ्यावी की वापरलेली होंडा सिटी, मारुती सियाझ, स्कोडा स्लाव्हिया यांपैकी काही?

आधी नवीचं बघू. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्के झाला. मिडसाइज सेडान आता 40 टक्क्यांत आहेत (पूर्वी सेससकट 45 होता). त्यावर महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के आणि 10 ते 20 लाखांपर्यंत 12 टक्के रोड टॅक्स, शिवाय विमा. म्हणजे नवी मिडसाइज सेडान तुमच्या आकड्यात बसत नाही. डिझायर बसते, पण तिची डिकी 382 लिटरची आणि मागे तिघं बसले की खांद्याला खांदा लागतो. सिटीची डिकी 506 लिटर, सियाझची 510, स्लाव्हियाची 521. पाच माणसं आणि चार दिवसांचं सामान असेल तर हा फरक पहिल्याच घाटात जाणवतो. तेव्हा तीन ते सहा वर्षं जुनी, पहिल्या मालकाची, पेट्रोल मिडसाइज सेडान शोधा. मात्र सगळे 10 लाख गाडीवर घालवू नका. साधारण नऊपर्यंत सौदा करा, उरलेल्यात ट्रान्सफर, विमा, टायर, बॅटरी आणि पहिलं सर्व्हिसिंग उरकतं.

डिझेलच्या नादी लागू नका. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेलला धुराची काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती जाळायला इंजिन सलग बराच वेळ गरम राहावं लागतं. महिन्याचे हजार किलोमीटर, तेही बहुतेक शहरात, म्हटल्यावर तो तुंबतो आणि खर्च मोठा येतो.

मॉडेलचं म्हणाल तर मागच्या सीटवर आजी-आजोबा बसणार असतील तर सियाझसारखी पाय ठेवायला जागा या किमतीत कुठेच नाही. ऑगस्ट 2018 नंतरची 1.5 पेट्रोल बघा. 2025 मध्ये ती बंद झाली असली तरी सुट्या भागांची चिंता नको, कंपनीचं जाळं मोठं आहे. उणी बाजू म्हणजे एअरबॅग दोनच, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर गिअरबॉक्स जुन्या धाटणीचा चार गिअरचा. जुलै 2020 ची पाचव्या पिढीची सिटी सर्वांत समतोल, वरच्या व्हेरियंटला सहा एअरबॅग. फक्त पाच माणसं बसवून गतिरोधकावर तिचं पोट घासतं का, ते ट्रायललाच बघा. स्लाव्हिया चालवायला यातली सर्वांत मजेदार, पण मागे मधल्या माणसाच्या पायाशी तळाचा उंचवटा (बोगदा) मोठा आहे, त्यामुळे ती खरी चौघांची गाडी. तिच्या 1.5 टर्बोला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) येतो. सिंहगड रोडच्या रेंगाळत्या ट्रॅफिकमध्ये तो तापतो. 1.0 टर्बोचा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक तुमच्या वापराला जास्त बरा.

आता मुख्य काम. हीच मॉडेलं घ्या किंवा दुसरी, चांगली आणि वाईट गाडी यांत जेवढं अंतर असतं तेवढं सिटी आणि सियाझमध्ये नसतं. म्हणून मॉडेलवर वाद घालण्यापेक्षा एकेक गाडी बाद करत जा. कोणतीही गाडी पाहताना क्रम असा ठेवा: आधी कागद, मग पत्रा, मग इंजिन. बहुतेक लोक उलट करतात. आधी चक्कर मारतात, गाडी आवडते, आणि मग दोष दिसले तरी मन ते मानत नाही.

कागद घरबसल्या होतात. विक्रेत्याकडून गाडी नंबर आणि चासी नंबर घ्या. परिवहनच्या साइटवर मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, हे दिसतं. ई-चलन वेगळं तपासा, थकलेली चलनं ट्रान्सफरच्या वेळी आडवी येतात. मग चालू विमा पॉलिसीची पूर्ण प्रत मागा, फक्त पहिलं पान नको. तिच्यात नो क्लेम बोनस किती ते पाहा. दावा न करता 1 वर्ष गेलं की 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50. गाडी साडेचार वर्षांची, मालक एकच आणि बोनस 20 टक्के असेल, तर मधे बहुधा कधीतरी दावा झालेला आहे. कशाचा, ते विचारा. शून्य असेल तर दावा अगदी अलीकडचा. (एक पळवाट लक्षात ठेवा: बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या गाडीचा बोनस त्याने इकडे आणला असेल तर 50 टक्के दिसूनही काही सिद्ध होत नाही.)

अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून नोंदींची यादी मागवा. प्रत्येक नोंदीत तारीख आणि किलोमीटर असतात, मीटर फिरवलेलं असेल तर इथेच पकडलं जातं. वर्षाला 14 हजार धावत आलेली गाडी शेवटच्या दोन वर्षांत 3 हजारच धावली, असं दिसलं तर कारण हवं. नोंदी 40 हजारांवर थांबल्या आणि मीटर आज 52 हजार दाखवतंय, पण नोंदी थांबून तीन वर्षं झालीत, तर तो 52 हजारांचा आकडा सोडून द्या. क्लचच्या पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड आणि स्टिअरिंगची चमक यांवरून खरा अंदाज येतो. रबर नवंकोरं असेल तर तेही संशयास्पदच.

पूरग्रस्त गाड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण हा महाराष्ट्रातला खास धोका आहे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै 2021 मध्ये चिपळूण आणि पुन्हा कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेलं. अशा पुरात विमा कंपन्या ज्या गाड्या पूर्ण नुकसान म्हणून निकाली काढतात, त्या लिलावात जाऊन धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विक्रीला येऊ शकतात. एमएच 08, 09 किंवा 10 (रत्नागिरी, कोल्हापूर, सांगली) नंबर दिसला म्हणून गाडी वाईट ठरत नाही, पण त्या महिन्यांच्या आसपास सर्व्हिस नोंदीत खंड किंवा मोठं बिल आहे का, एवढं जरूर बघा. मग गाडीवर या. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या भागावर मातीची रेघ असेल तर विषय संपला. स्टेपनी काढून खालच्या खळग्याच्या कोपऱ्यांत वाळलेला गाळ बघा. सीटच्या रेल्सखालचे बोल्ट टॉर्चने पाहा, त्यांवर तांबडा गंज चढायला साधारण वापरात वर्षानुवर्षं लागतात. पायाखालचं मॅटिंग उचलून खालचा फोम दाबा. फ्यूजबॉक्समधल्या पिना हिरवट झाल्या असतील तर गाडी फुकट मिळाली तरी नको. पाण्यात गेलेलं वायरिंग लगेच मरत नाही, सहा महिन्यांनी एकेक सेन्सर रुसायला लागतो आणि गॅरेजवालाही हात टेकतो.

अपघात शोधायला पेंटची जाडी मोजणारं मीटर मिळालं तर उत्तम, नाहीतर चांगला डेंटिंगवाला सोबत घ्या. मीटर आधी छतावर लावा, कारण छत सहसा पुन्हा रंगवलं जात नाही. कंपनीचा रंग साधारण 90 ते 150 मायक्रॉन असतो. दारावर 250 आलं तर नुसता टचअप, 600-800 आलं तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. एखादं दार किंवा बंपर रंगवलेला असणं हा शहरी गाडीचा दोष धरू नका, भाव कमी करायला वापरा. बाद करायचं ते सांगाड्याला मार असेल तर. बोनेट उघडून रेडिएटरची वरची पट्टी, दोन्ही बाजूंचे ॲप्रन आणि पुढे जाणारे चासीचे दांडे बघा. कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे सारख्या अंतरावर असतात. हाताने केलेलं वेल्डिंग ओबडधोबड दिसतं किंवा सीलंटखाली लपवलेलं असतं. दारांचं रबर खाली खेचून खांबांवरही तेच तपासा. काचांवरचे कोड वाचा: पुढची काच बदललेली असणं किरकोळ आहे, दगडानेही फुटते. पण एकाच बाजूच्या दोन दारांच्या काचा वेगळ्या वर्षाच्या निघाल्या तर त्या बाजूला बहुधा धडक बसलेली आहे.

एअरबॅगची तपासणी पाच सेकंदांची आहे. इंजिन सुरू न करता नुसतं इग्निशन चालू करा. एअरबॅगचा दिवा पेटतो आणि काही सेकंदांत आपोआप विझतो, ऑइल आणि बॅटरीचे दिवे मात्र पेटलेले राहतात. एअरबॅगचा दिवा पेटलाच नाही, किंवा इंजिन सुरू होताना ऑइलच्या दिव्याबरोबरच विझला, तर वायर जोडून फसवलेलं आहे आणि एअरबॅग बहुधा उडून गेलेली आहे.

इंजिन थंडच हवं. पोहोचल्याबरोबर बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर विक्रेत्याने आधी सुरू करून ठेवली आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी या. सुरू झाल्यावर मागे निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर बराच वेळ थांबत नसेल तर कूलंट जळत असू शकतं. ऑइलचं झाकण उघडून आत दुधाळ चिकटा दिसला तर हेड गॅस्केटची शंका घ्या. सिटीच्या इंजिनात टॅपेट हायड्रॉलिक नसतात, म्हणजे व्हॉल्व्हची फट आपोआप जुळत नाही. नंतर सीएनजी किट बसवून चालवलेली असेल तर व्हॉल्व्ह सीट झिजतात आणि थंड असताना इंजिन थरथरतं. किट काढून विकलेली गाडी ओळखायची असेल तर डिकीच्या तळाला बुजवलेली भोकं आणि आरसीवरचा इंधन प्रकार बघा. क्लचसाठी मोकळ्या रस्त्यावर 40 च्या वेगाला चौथा गिअर टाकून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम चढले आणि वेग तसाच राहिला तर क्लच संपला. सिटी सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) असेल तर जागेवरून निघताना थरथर आहे का आणि सीव्हीटी ऑइल कधी बदललं, हे दोन प्रश्न पुरेत. डीएसजी मात्र 20 मिनिटं चालवून, तापल्यावर चढावर सरकवून तपासा. थंड असताना तो नेहमीच शहाण्यासारखा वागतो.

हजाराच्या आतलं एक ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातली माहिती फोनवर दाखवणारं छोटं यंत्र) घ्या. एरर कोड वाचण्यापेक्षा त्याचा मोठा उपयोग वेगळा आहे. कोड पुसले की आतल्या तपासण्या, म्हणजे रेडिनेस मॉनिटर, अपूर्ण होतात. ॲपमध्ये ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ दिसतं. ते 12 किलोमीटर आलं तर आज सकाळीच कोणीतरी इंजिनलाइट पुसली आहे. शंभर-दोनशे किलोमीटर चालवून मग पुन्हा दाखवा म्हणावं. स्वस्त डोंगल एअरबॅग आणि एबीएसचे कोड सहसा वाचत नाही, त्यासाठी पीपीआय (खरेदीआधीची तपासणी) करणारा माणूस किंवा सर्व्हिस सेंटर लागेल.

होंडाच्या जुन्या गाड्यांवर फ्युएल पंपाचे रिकॉल निघालेले आहेत, ऑक्टोबर 2024 मध्ये 90 हजारांहून जास्त गाड्यांचं. कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकून काम झालंय का बघा, नसेल तर ते मोफत होतं. ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलबद्दल साधं सांगायचं तर एप्रिल 2023 नंतरची गाडी निर्धास्त, त्याआधीची असेल तर हँडबुक आणि पेट्रोलच्या झाकणाआतलं स्टिकर वाचा. मायलेज थोडं पडणार ते दोन्हीकडे.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे डिझेलला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षांचं बंधन अनेक वर्षं होतं (2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते सैल केलं). गोव्याच्या गाड्याही आपल्याकडे बऱ्याच येतात. दोन्हींना मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म 28) लागते, महाराष्ट्राचा टॅक्स नव्याने भरावा लागतो आणि आधीच्या राज्याकडून परतावा मिळवायला वेळ जातो. हे सगळं धरून फरक 60-70 हजारांच्या आत असेल तर एमएच गाडीच घ्या. बीएच (भारत मालिका) नंबरच्या गाडीचा टॅक्स सहसा दोन-दोन वर्षांचाच भरलेला असतो. तुम्ही त्या मालिकेला पात्र नसाल तर राज्याचा नंबर घेऊन उरलेला टॅक्स तुम्हालाच भरायचाय.

सौदा ठरला की इसार द्या, पण इसार पावतीवर गाडी नंबर, चासी नंबर, किलोमीटर, उरलेली रक्कम आणि ‘कर्ज फिटून बँकेची एनओसी मिळाल्यावरच व्यवहार पूर्ण’ असं लिहून घ्या. बोजा असेल तर फॉर्म 35 (बोजा उतरवण्याचा) आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका. फॉर्म 29 आणि 30 (मालकी बदलाचे) वर कोऱ्या सह्या घेऊन गाडी महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या नावावर फिरवणारे एजंट आहेत, त्यात अडकू नका. त्याच राज्यातली विक्री असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. मधल्या काळात अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक धरला जातो, हे सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा विकणाऱ्यालाही घाई असायला हवी, नसेल तर का नाही ते विचारा.

विम्यासाठी 14 दिवसांच्या आत नाव बदलायचा अर्ज करा. थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर येतं, पण गाडीच्या नुकसानीचा दावा पॉलिसीवर तुमचं नाव चढेपर्यंत मंजूर होणार नाही. विकणाऱ्याचा बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे प्रीमियमचा फरक भरावा लागेल. त्याचा फास्टॅग त्याच्याकडूनच बंद करून घ्या, नाहीतर तुमच्या नंबरवर नवा निघत नाही. आणि दुसरी किल्ली पैसे देण्याआधी मागा. मागच्या वर्षाच्या मॉडेललाही चिप असलेली किल्ली नव्याने बनवायची म्हणजे हजारोंचं काम आहे.