आराधनेहून येते आणि सासूबाईंवर ओरडते

"रोज तासभर पवित्र साक्रामेंतासमोर बसते आणि घरात पाऊल टाकताच सासूबाईंवर खेकसते. म्हणजे माझी भक्ती ढोंगच ना, मॅडम?" (पवित्र साक्रामेंत म्हणजे चर्चमध्ये ठेवलेली, ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर; तिच्यासमोर बसून केलेली प्रार्थना ही आराधना.) वसईच्या धर्मग्रामांतून, म्हणजे कॅथलिक पॅरिशांतून, समुपदेशनाला येणाऱ्या बायका हा प्रश्न या ना त्या रूपात नेहमी विचारतात. यातल्या एकीची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सासूबाईंना पक्षाघात झालेला. उजवी बाजू लुळी, बोलणं अस्पष्ट. भरवणं, डायपर, कूस बदलणं, रात्री पुन्हा पुन्हा हाका. नवरा पहाटेच्या लोकलने जातो तो रात्रीच उगवतो. नणंदेच्या सूचना फोनवरून. मी आधी झोपेचं विचारलं. सलग चार तास झोप कधी लागली होती, तिला आठवेना. अशा माणसाच्या चिडण्याला मी लगेच पाप म्हणत नाही.

घरच्यांचा सल्ला होता, "चर्चला जाणं बंद कर, सासूची सेवा हीच आराधना." ऐकायला छान! पण कुणी हाक मारत नाही असा दिवसातला तेवढाच एक तास. तो काढून घेतला तर ओरडणं वाढणारच. तो तास मी ठेवायला सांगितला.

खटकलं ते वेगळंच. आजारापूर्वी सासूबाई रोज मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायच्या. आता महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर कम्युनियन, म्हणजे मिस्सात दिली जाणारी तीच पवित्र भाकर, घेऊन येत, तेवढंच. सून रोज घेते, आणि खाटेवरची बाई महिनाभर वाट पाहते. हे तिला सुचलंच नव्हतं.

इ. स. 155 च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन यांनी ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक ती भाकर पोचवत, आणि त्याच सभेत जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांची सोय होई. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला संत पौलाने पत्रातून झापलं तेही याचवरून: प्रभुभोजनाला जमता, आणि एक उपाशी तर दुसरा झिंगलेला.

फादरांशी बोलून दर रविवारी प्रापंचिक सेवकाने, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या, धर्मगुरू नसलेल्या माणसाने, घरी कम्युनियन आणायचं ठरलं. टेबल, पांढरा कपडा, मेणबत्ती ही तयारी सुनेची. गिळायला त्रास, म्हणून लहानसा तुकडा, घोटभर पाण्याबरोबर.

पुढच्या भेटीत ती म्हणाली, "खाटेशी गुडघे टेकले तर डोळ्यांसमोर त्यांचे पाय. नखं केवढी वाढलेली! रोज अंग पुसते, पण कधी दिसलीच नव्हती." त्याच दुपारी तिने ती कापली.

माझ्या अनुभवात करुणा येते ती अशी. मनात उमाळा दाटायची वाट पाहणारी माणसं स्वतःच्या कोरडेपणावर रडत बसतात. आधी नजर वळते, मग हात. मन मागाहून येतं, कधी येतही नाही.

नणंदेलाही मी बोलावून घेतलं. ती आता शनिवारी मुक्कामाला येते आणि सून दुसऱ्या खोलीत झोपते. नवरा भरवायला शिकलाय, सांडतो फार. ओरडणं कमी झालंय, थांबलेलं नाही. गेल्या खेपेला तिने विचारलं, "ओरडले की फादरांकडे पापनिवेदन करू, की सासूबाईंची माफी मागू?" दोन्ही करा म्हटलं, पण आधी सासूबाईंची माफी.