कंट्री गाण्यांत माणूस गेल्याचं दुःख इतकं आत का लागतं?

तुम्ही विचारलंय की सूर साधे, शब्द रोजच्या बोलण्यातले, तरी कंट्रीमधलं, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण वळणाच्या संगीतातलं, मरणाचं गाणं लागलं की घसा का दाटतो. माझं मत सांगतो: चांगलं कंट्री गाणं स्वतः रडत नाही, गेलेल्याच्या वस्तू मोजत बसतं.

गायक ली ब्राइसचं 'आय ड्राइव्ह युअर ट्रक' (२०१२) ऐका. गाण्यातल्या माणसाचा भाऊ सैन्यात होता, गेला. आई विचारते, थडग्यावर जाऊन आलास का? पण याला तो तिथे भेटतच नाही. मग हा त्याचा ट्रक काढतो. अ‍ॅशट्रेत ८९ सेंटची चिल्लर, पायाशी गडगडणारी अर्धी बाटली, डॅशबोर्डवर मळकी टोपी. ट्रक पेट्रोल फार खातो, अशी तक्रारही मधेच करून टाकतो! मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच. यामागे खरा बाप आहे. सार्जंट जॅरेड माँटी २००६ मध्ये अफगाणिस्तानात मारला गेला. त्याचा ट्रक आपण अजून चालवतो, असं त्याचे वडील रेडिओवर सांगत होते. ते कॉनी हॅरिंग्टन या गीतकार बाईंनी ऐकलं आणि दोन साथीदारांबरोबर गाणं लिहिलं.

मला हे पटायला स्वतःचा अनुभव लागला. बाबा गेले तेव्हा दहाव्यापर्यंत डोळे कोरडे होते. नंतर त्यांच्या स्कूटरची डिकी उघडली, तर फडक्याखाली खोकल्याच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. तिथे पार्किंगमध्येच बसलो.

दुसरी तऱ्हा चर्चमधल्या भजनाच्या वळणाची. कंट्री गायक व्हिन्स गिलने 'गो रेस्ट हाय ऑन दॅट माउंटन' लिहायला घेतलं ते १९८९ मध्ये गायक कीथ व्हिटली गेल्यावर. ते अर्धंच पडून राहिलं. १९९३ मध्ये गिलचा भाऊ गेला, तेव्हा पुरं झालं. २०१३ मध्ये कंट्री गायक जॉर्ज जोन्सच्या अंत्यविधीला, नॅशव्हिलमध्ये, हेच गाताना गिलला शब्द फुटेना. शेजारी गायिका पॅटी लव्हलेस गात राहिली, याची बोटं गिटारवर चालत राहिली. त्याचा व्हिडिओ मिळतो.

स्टील गिटारचाही, म्हणजे तारांवर धातूची कांडी सरकवून वाजवतात त्या गिटारचाही, हात आहे यात. तिचा सूर ठाम टेकत नाही, घसरत जातो, हुंदका गिळल्यासारखा.

सुरुवात ट्रकच्या गाण्यापासून करा. फक्त गाडी चालवताना नको.