प्लॅन बाजूला ठेवून आधी विचारा

प्रश्न : ऑस्ट्रेलियात अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून दूरच्या, मूळ रहिवाशांच्या एका अ‍ॅबोरिजिनल वस्तीत आरोग्यकेंद्र बांधायचं काम आमच्या ऑफिसकडे आहे. प्लॅन तयार आहे. आता वस्तीतल्या स्त्रियांचं मत घ्यायला सांगितलंय. एक बैठक पुरेल का?

पुरणार नाही. प्लॅन तयार असताना बोलावलेल्या बैठकीत बायकांना रंग आणि फरशी सोडून ठरवण्यासारखं काही उरत नाही.

तिथल्या अ‍ॅबोरिजिनल जमिनीवर जायला सेंट्रल लँड कौन्सिल या जमिनीचं काम पाहणाऱ्या संस्थेचं परमिट लागतं. शिवाय खोदाईपूर्वी अ‍ॅबोरिजिनल एरियाज प्रोटेक्शन ऑथॉरिटी या पवित्र स्थळं जपणाऱ्या मंडळाचं प्रमाणपत्र घ्या. या मंडळावर पवित्र स्थळांचे 10 राखणदार असतात, त्यांत 5 स्त्रिया. काही स्थळांबद्दल बोलण्याचा अधिकारच मुळात स्त्रियांचा आहे, पुरुष राखणदाराला विचारून ते काम होत नाही.

बायकांची बैठक वेगळी घ्या. तुमच्याकडून बाईच जाऊ द्या, दुभाषीही बाईच हवी. त्यांच्या वेळेची फी अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवा. कागदावरचा प्लॅन पुढे करण्यापेक्षा साइटवर खुंट्या ठोका, दोरी बांधा, फक्की मारून खोल्या खऱ्या मापात आखा आणि त्यांना त्यातून चालू द्या. अडचणी तिथेच कळतात. जावई आणि सासू एकमेकांसमोर येणं टाळतात. एकच दार आणि एकच अरुंद बोळ असेल, तर दोघांपैकी एकजण उपचार न घेताच परत जातो. म्हणून दोन दारं, बसायच्या दोन जागा, बाहेर सावली आणि आत कोण बसलंय हे बाहेरूनच कळेल अशी नजर. गरोदर बायकांच्या तपासणीच्या खोलीची वाट पुरुषांच्या बसण्याच्या जागेतून नको. अर्थात वस्ती बदलली की हे तपशीलही बदलतात, तेव्हा पुन्हा विचारा. बैठकीनंतर सुधारलेली आखणी घेऊन परत जा आणि काय बदललं, काय बदललं नाही आणि का, ते सांगा. वस्तीत कुणाचा मृत्यू झाला तर शोकाच्या रीतीमुळे काम थांबतं. वेळापत्रकात ती सवड आधीच ठेवा, कंत्राटात दंडाचं कलम असेल तर त्यातून हे दिवस वगळा.

एक गोष्ट फार जपा. बायकांनी विश्वासाने दाखवलेली जागा ड्रॉइंगवर नावानिशी टाकू नका, कारण ड्रॉइंग कंत्राटदारापासून सगळ्यांच्या हाती जातं. 'इथे बांधकाम नाही' एवढंच लिहा. साउथ ऑस्ट्रेलियातल्या हिंडमार्श बेटाच्या पुलाला न्गारिंजेरी या मूळ रहिवासी समाजाच्या स्त्रियांनी विरोध केला, तेव्हा त्यांची कारणं 1994 मध्ये सीलबंद पाकिटांतून, फक्त स्त्रियांनी वाचावीत म्हणून दिली गेली. विरोध करणाऱ्या स्त्रियांनी ती कारणं खरी का हे तपासणाऱ्या चौकशी आयोगापुढे उघड करायला नकार दिला, आणि 1995 मध्ये आयोगाने सगळं रचलेलं ठरवलं. 2001 मध्ये फेडरल कोर्टाच्या न्यायाधीशांना ते रचलेलं असल्याचं पटलं नाही. तोवर पूल उभा राहिला होता. 'कारण सांगा, मगच मानू' हा हट्ट किती अन्याय करू शकतो, ते इथे दिसतं.

प्रश्न : लॉबीच्या फरशीत अ‍ॅबोरिजिनल कलाकाराचं चित्र वापरायचंय. चित्र विकत घेतलं की झालं ना?

नाही. चित्राची मालकी वेगळी, ते फरशीत उतरवण्याचा हक्क वेगळा. योलंगु या मूळ रहिवासी समाजातल्या एका स्त्री कलाकाराचं पवित्र पाणवठ्याचं चित्र विनापरवानगी गालिच्यांवर विणलं गेलं होतं. (2021 मध्ये त्या वारल्या, म्हणून तिकडच्या रीतीप्रमाणे इथे नाव देत नाही.) लोक त्यावरून चालणार, ही त्यातली सर्वांत दुखावणारी गोष्ट. 1994 मध्ये फेडरल कोर्टाने या आणि इतर कलाकारांना मिळून 1,88,000 डॉलरहून जास्त भरपाई दिली, त्यात सांस्कृतिक हानीही धरली.

कॉपीराइट कलाकाराच्या मृत्यूनंतर 70 वर्षांनी संपतो, पण कुळाचा, म्हणजे ज्यांच्या परंपरेतलं ते चित्र आहे त्या नातेगटाचा, हक्क संपत नाही. म्हणून कलाकार आणि कूळ, दोघांची लेखी संमती घ्या. चित्र कुठे, किती आकारात, पायाखाली येणार का, इमारत पाडताना त्याचं काय करायचं, हे करारात लिहा.

प्रश्न : 'ते लोक घरं सांभाळत नाहीत' असं ऐकतो. खरं काय?

हे साफ चुकीचं आहे. हेल्थहॅबिटॅट या संस्थेने अशा वस्त्यांतली हजारो घरं तपासली. बिघाडांपैकी सुमारे 70 टक्के नियमित देखभाल न झाल्यामुळे आणि सुमारे 20 टक्के सदोष बांधकामामुळे होते; तोडफोड वा गैरवापर 10 टक्क्यांहून कमी. त्यांचा नियम असा की दुरुस्तीचं सामान बरोबर असल्याशिवाय तपासणी करायची नाही. दुरुस्तीच्या यादीत पहिलं अंग धुण्याची सोय, मग कपडे आणि अंथरूण धुण्याची, मग सांडपाणी.

तिकडचं पाणी जड असतं. क्षार साचून गीझर आणि नळ निकामी होतात; सुटे भाग लगेच मिळतील आणि बदलता येतील असेच निवडा. न्हाणीघर आणि धुण्याच्या जागेच्या फरशीचा उतार बादलीभर पाणी ओतून, ताबा देण्याआधी तपासा. स्वयंपाकघराचा ओटा, साठवण आणि चूल घरात प्रत्यक्ष राहणाऱ्या माणसांच्या हिशेबाने ठेवा, आणि ती संख्या घरातल्या बाईलाच विचारा.